पोळ्याचा घास आणि बैलाचे पोट

मावळात पोळा उशिरा येतो. विदर्भ-मराठवाड्यात श्रावणी अमावस्येलाच बैलांच्या शिंगांना रंग लागलेला असतो, कोल्हापूर-सांगलीकडे तर आषाढातच बेंदूर उरकतो. पुणे जिल्ह्याच्या या पश्चिम पट्ट्यात मात्र लावणी, बेणणी आटोपून भात पोटरीत आला की भाद्रपदी अमावस्येला, म्हणजे सर्वपित्रीच्याच दिवशी, बैल पुजले जातात. एकाच दिवशी वाडवडिलांचे पान आणि बैलांचा नैवेद्य. त्यामुळे स्वयंपाकघरात त्या दिवशी पुरणही भरपूर आणि खीर-वडेही भरपूर.

तळेगाव दाभाड्याजवळचे नवलाख उंबरे हे अशाच गावांपैकी एक. नावातले उंबरे घरांचे की झाडाचे, यावर पारावर हवी तेवढी चर्चा करता येईल. शिवाराला मात्र आता एमआयडीसीचे कारखाने येऊन भिडले आहेत, नांगरटीला ट्रॅक्टर आणि चिखलणीला पॉवर टिलर आहे. मावळात दावणीला राहिलेले बैल पूर्वीपेक्षा थोडे आहेत, आणि जे आहेत त्यांचे लाड पूर्वीपेक्षा जास्त आहेत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली. तेव्हापासून शर्यतीच्या बैलाची ऐट काही औरच आहे. पोळ्याच्या दिवशी हे सगळे प्रेम एकदम बैलाच्या तोंडात जाते, आणि दुखणे तिथूनच सुरू होते.

बैलाचे पोट माणसाच्या पोटासारखे नसते. त्याला चार कप्पे असतात. त्यातला पहिला आणि सर्वांत मोठा म्हणजे कोटीपोट. मोठ्या जनावराच्या कोटीपोटात शंभर लिटरच्या आसपास ऐवज मावतो. ही एक आंबवण्याची टाकीच म्हणायची. गवत, पेंढा, कडबा हे खरे तर बैलालाही थेट पचत नाही. या टाकीत राहणारे अब्जावधी सूक्ष्मजीव ते पचवतात आणि बैल त्यांनी तयार केलेल्या आम्लांवर जगतो. बैल तासन् तास रवंथ करतो तेव्हा लाळ पोटात जात राहते. या लाळेत सोड्यासारखे क्षार असतात, त्यामुळे टाकीतले आम्ल आटोक्यात राहते. चाऱ्यावरच्या बैलाच्या कोटीपोटाचा सामू साधारण सहा ते सात असतो.

आता या टाकीत पुरणपोळी टाकून पाहा. गव्हाचे पीठ, गूळ, हरभऱ्याची डाळ. तिन्ही पदार्थ चटकन आंबणारे. रोज पेंढ्यावर काम करणाऱ्या सूक्ष्मजीवांना एवढ्या पिठा-गुळाची सवय नसते. सवय नसलेल्या टाकीत लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू झपाट्याने वाढतात. काही तासांत सामू पाचाच्या आसपास घसरतो आणि नेहमीचे उपयोगी जीव मरू लागतात. पोळीला फारसे चावावे लागत नसल्याने रवंथ कमी होतो, त्यामुळे लाळही कमी पडते. आम्लामुळे शरीरातले पाणी पोटाकडे ओढले जाते आणि बैल आतून सुकत जातो. याला पशुवैद्यक आम्लधर्मी अपचन म्हणतात. एखाद-दुसऱ्या पोळीने हे होत नाही. ते होते पोळ्यांच्या टोपलीने, आणि टोपली कधी रिकामी झाली ते कुणाच्या लक्षात येत नाही. मिरवणुकीनंतर बैल दारोदार जातो. प्रत्येक घरची सुवासिनी ओवाळते आणि एक पोळी भरवते. प्रत्येक घराचा हिशेब एका पोळीचा असतो, बैलाच्या पोटातला हिशेब मात्र वीस-पंचवीस घरांचा होतो. शिवाय मालक पहाटेच बाजरीची किंवा गव्हाची खिचडी चारून मोकळा झालेला असतो.

त्रास त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी दिसतो. बैल वैरणीला तोंड लावत नाही. रवंथ थांबतो. डावी कूस फुगते. शेण पातळ, फेसाळ आणि आंबूस वासाचे होते. चाल अडखळते, डोळे खोल जातात, आणि बैल बसला की उठत नाही. तीव्र प्रकारात एक-दोन दिवसांत जनावर दगावू शकते. त्यातून वाचलेल्या काही जनावरांच्या खुरांना पुढे सूज येते आणि ती महिनोन्‌महिने लंगडतात. शर्यतीच्या बैलाच्या दृष्टीने तेवढेही पुरेसे आहे.

अशा वेळी गोठ्यात जमलेली मंडळी जे उपाय करतात, त्यातला सर्वांत घातक म्हणजे बैलाची मान वर ओढून नळकांड्याने तेल, ताक किंवा काढा ओतणे. गळून गेलेल्या जनावराला नीट गिळता येत नाही. ओतलेले फुप्फुसात उतरते, आणि अपचनाच्या जोडीला न्यूमोनिया होतो. खाण्याच्या सोड्याचा उपचार खरा आहे, पण त्याची मात्रा आणि पाजण्याची पद्धत पशुवैद्यकाने ठरवायची असते. १९६२ हा पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पथकाचा टोल-फ्री क्रमांक आहे. माणसांसाठीचा १०८ गावात सगळ्यांना पाठ असतो, हा अजून तितका झालेला नाही. गोठ्याच्या खांबावर तो खडूने लिहून ठेवायला हरकत नाही.

मग बैलाला पोळी द्यायचीच नाही का? द्यायची. सकाळी पोटभर नेहमीची वैरण आणि पाणी द्यावे, आणि त्यानंतर घरच्या नैवेद्याची एखाद-दुसरी पोळी भरवावी. बाकीच्या घरांनी ओवाळून हिरव्या गवताची पेंडी पुढे करावी. बैलाला त्यात अपमान वाटत नाही. माणसाला वाटतो, ही गोष्ट वेगळी. काही घरांत पोळी बैलाच्या तोंडाला लावून बाजूला ठेवतात आणि नंतर प्रसाद म्हणून वाटतात. बैलाच्या पोटाच्या दृष्टीने ही रीत उत्तम, खाणाऱ्याच्या दृष्टीने तेवढी नव्हे. बैलाने उष्टावलेला तुकडा मुलांच्या हातात देऊ नये. कारण पुढे येईल.

त्याआधी पाण्याचे. पोळ्याला सकाळी बैल ओढ्यावर, नदीवर किंवा बंधाऱ्यावर धुवायला नेतात. भाद्रपदाच्या अखेरीस मावळातले पाणवठे काठोकाठ भरलेले असतात, आणि तळाशी गाळ साचलेला असतो. बैल पोहतो. त्याच्या शेपटीला किंवा कासऱ्याला धरून खोल पाण्यात गेलेला बारा-तेरा वर्षांचा मुलगा पोहतोच असे नाही. पोळ्याच्या दिवशी बैल धुताना बुडाल्याची बातमी राज्याच्या कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातून जवळपास दरवर्षी येते. बऱ्याचदा एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि बातमीत दोन नावे येतात. बैल गोठ्यासमोर नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्याने धुता येतो. पाणवठ्यावरच न्यायचा असेल तर पोहणारा मोठा माणूस आणि लांब दोर बरोबर हवा, आणि मुलांनी काठावर थांबावे.

या पाण्यात आणखी एक गोष्ट असते. उंदीर-घुशींच्या आणि जनावरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरा नावाचे जिवाणू साचलेल्या पाण्यात आणि चिखलात येतात. ते माणसाच्या पायावरच्या भेगांतून, जखमांतून आत शिरतात. भातखाचरात राबणाऱ्या माणसाच्या पायाला या दिवसांत भेगा नसतात असे सहसा होत नाही. साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी थंडी वाजून ताप येतो, डोळे लाल होतात, आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की दाबल्या तर माणूस ओरडतो. हा ताप डेंग्यू समजून किंवा ‘सणाची दगदग’ म्हणून अंगावर काढला तर काहींना कावीळ होते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. वेळेत सुरू केलेल्या प्रतिजैविकांनी तो बरा होतो. डॉक्टरकडे जाताना एवढेच सांगायचे, की चिखलात काम होते आणि बैल धुवायला पाण्यात उतरलो होतो. ही एक ओळ अनेकदा निदान सोपे करते.

आंघोळीनंतर साज. बाशिंग, झूल, घुंगरमाळा, नवी वेसण, नवा कासरा, यांत फारसे काही वाईट नाही. फक्त वेसण पोळ्याच्याच सकाळी नव्याने टोचू नये, कारण ताज्या जखमेवर माश्या बसतात. खांदेमळणीची रीत तर वैद्यकीय दृष्ट्याही चांगली आहे. आदल्या संध्याकाळी जोखडाने रगडलेल्या खांद्याला तूप-हळद चोळताना सूज, गाठ, फुटलेली कातडी हाताला लागते. वर्षातून एकदाच का होईना, बैलाच्या खांद्याची तपासणी होते.

शिंगांचे मात्र तसे नाही. शिंग तासून टोकदार आणि चकचकीत करायची हौस असते. शिंग म्हणजे नख नव्हे. वरच्या कवचाच्या आत हाड आहे, रक्तवाहिन्या आणि संवेदना आहेत. खोलवर तासले तर आतून रक्त येते, चीर पडते, जंतुसंसर्ग होतो. भारतातल्या बैलांत शिंगाचा कर्करोग हा जुना, माहितीतला आजार आहे. बहुतेकदा एकाच शिंगाला होतो. बैल डोके त्या बाजूला कलते धरतो आणि नाकपुडीतून रक्त येते. वारंवार तासणे, दोराचे आवळणे, रंगांमुळे होणारा दाह यांचा त्यात वाटा असावा, असा पशुवैद्यकांचा जुना संशय आहे. शिंगांना पूर्वी हिंगूळ लावत. खरा हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधकाचे संयुग. आज त्याची जागा बहुतेक ठिकाणी ऑइलपेंटने घेतली आहे. २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे असा नियम आहे, पण गोठ्याच्या फळीवर पडलेला जुना डबा त्याआधीचाही असू शकतो. जनावरे एकमेकांना चाटतात, वासरे तर दिसेल ते चाटतात, आणि शिशाची विषबाधा वासरांना फार लवकर होते. रंग काढायला घासलेट किंवा थिनर वापरले तर कातडी भाजल्यासारखी होते. गेरू, हळद, पाण्यात मिसळणारे साधे रंग पुरतात. फोटोत तेवढे चमकत नाहीत, हे मान्य.

मिरवणुकीतला गुलाल बैलाच्या डोळ्यांत जातो आणि दमेकरी माणसाच्या छातीत. डीजेच्या भिंतीसमोर सजवलेला बैल नेऊन उभा केला तर तो नाचत नसतो, बिथरलेला असतो. बिथरलेल्या बैलाचे शिंग पोटात गेले तर बाहेरून जखम दोन बोटांची दिसते आणि आत आतडे फाटलेले असते. अशी जखम हळद भरून बांधायची नसते. माणसाला काही खायला-प्यायला न देता, स्वच्छ फडके दाबून थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यायचे. धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली होती ते आठवून ठेवायचे.

२०२२ साली राज्यभर लम्पी त्वचारोगाची साथ पसरली तेव्हा जनावरांचे बाजार बंद झाले आणि अनेक गावांनी पोळा गोठ्यातच केला. तो आजार माणसाला होत नाही, चावणाऱ्या माश्या-डासांमधून जनावराकडून जनावराकडे जातो. अंगावर गाठी असलेला बैल मिरवणुकीत नेला तर साऱ्या गावच्या दावणीला धोका, एवढे त्यातून समजले. माणसाला होणारा आणि झाल्यावर जवळजवळ कधीच न सोडणारा आजार दुसराच आहे.

रेबीज म्हटले की कुत्रा डोळ्यांसमोर येतो. पण पिसाळलेला कुत्रा किंवा कोल्हा गोठ्यात शिरून गाय-बैलालाही चावतो, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्या जनावराला रेबीज होतो. तोवर चावा विसरलेला असतो, किंवा रात्रीचा असल्याने कुणी पाहिलेलाच नसतो. बैल खायचे सोडतो. पाणी पिता येत नाही. तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात. घोगऱ्या आवाजात हंबरतो. मालकाला वाटते, घशात काहीतरी अडकले. आंब्याची कोय, नारळाची करवंटी, सुताचा गुंता. मग तो बाह्या वर करून कोपरापर्यंत हात बैलाच्या तोंडात घालतो. घशात काहीच सापडत नाही. हातावर मात्र दातांचे ओरखडे पडतात आणि लाळ त्यांत शिरते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तर ‘काल जास्त खाल्ले’ हे कारण सगळ्यांच्या तोंडी तयारच असते. अपचन असो वा घशात अडकलेले काही, खाणे सोडून लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात उघडा हात घालायचा नाही. ते काम हातमोजे घालणाऱ्या पशुवैद्यकाचे.

हात घातलाच असेल तर पहिले औषध घरात आहे. वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुणे. रेबीजच्या विषाणूला साबण सोसत नाही. चुना, तिखट, तेल, हळद यांतले काही लावायचे नाही. त्यानंतर त्याच दिवशी सरकारी रुग्णालय. निरोगी कातडीला लाळ लागली तर लशीची गरज नसते. रक्त न आलेला ओरखडा असेल तर लस लागते. रक्त आले असेल, किंवा आधीच फाटलेल्या कातडीला लाळ लागली असेल, तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. दहा दिवस जनावरावर नजर ठेवण्याचा जो नियम लोकांना ठाऊक आहे, तो फक्त कुत्र्या-मांजराला लागू आहे, गाय-बैलाला नाही. आणि तिथेही लस आधी सुरू करून मगच नजर ठेवायची असते. गाय पिसाळून मेल्याचे कळल्यावर तिचे दूध प्यायलेले अख्खे गाव रुग्णालयात येते. उकळलेल्या दुधातून रेबीज होत नाही. कच्चे दूध, खरवसाचा कच्चा चीक घेतला असेल तर डॉक्टरांना तसे सांगावे.

महिन्याभराने दिवाळी येते. वसुबारसेला गाय-वासरू, पाडव्याला पुणे-कोल्हापूरकडे म्हशींची सगर. शेजारच्या नेपाळात तर नरक चतुर्दशीला कुत्र्यांना हार घालून टिळा लावतात. आपल्याकडे कुत्रा खंडोबाचा आणि दत्ताचा, पण दिवाळीत त्याच्या वाट्याला लवंगी माळ येते. फटाक्याच्या आवाजाची कायदेशीर मर्यादा चार मीटरवर १२५ डेसिबल आहे. माणसाच्या कानालाही ती सोसणारी नाही. कुत्र्याला माणसापेक्षा दुपटीहून अधिक उंच पट्टीचे आवाज ऐकू येतात. मोकळा कुत्रा निदान पळून तरी जातो. साखळीतला कुत्रा आणि दावणीचा बैल यांना पळताही येत नाही, ते स्वतःलाच जखमा करून घेतात. गोठ्याजवळ भाताच्या पेंढ्याची गंजी असते, ती वेगळी काळजी. अंधार पडण्याआधी कुत्र्याला फिरवून आणून आतल्या खोलीत ठेवावे, पंखा किंवा टीव्ही चालू ठेवावा. त्याला शांत करायला माणसाच्या गोळ्या देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईची कुटुंबे कुत्र्यासह लोणावळ्या-पवनेच्या बंगल्यांवर उतरतात. तिथे टेबलावर चिक्की असते आणि शेजारी चॉकलेट फज. चॉकलेटमधले थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरातून फार हळू बाहेर पडते. उलट्या, थरथर, हृदयाचे ठोके बिघडणे, झटके हा त्याचा क्रम. बेसनाच्या लाडवावरचा एक बेदाणा निरुपद्रवी दिसतो, पण मनुका-बेदाण्यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, आणि कुणाची होतील ते आधी सांगता येत नाही. कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मधुमेही आजोबांच्या काही शुगर-फ्री गोळ्यांत झायलिटॉल असते. ते कुत्र्याची साखर अर्ध्या तासात धोकादायक पातळीवर आणू शकते.

अशा घरात नवखी मुले आणि अनोळखी कुत्रा एकत्र येतात. कुत्रा जेवत असताना किंवा झोपलेला असताना मूल त्याच्या गळ्यात पडते, आणि चावा चेहऱ्यावर बसतो. डोक्या-चेहऱ्यावरचा चावा जास्त धोक्याचा, कारण विषाणूला मेंदूपर्यंत जायला थोडेच अंतर उरते. कुत्र्याला लस टोचलेली आहे, हे ऐकून थांबू नये. टोचल्याचे कार्ड आणि तारीख बघावी, आणि डॉक्टरांना ठरवू द्यावे.

रेबीजची लस दंडात स्नायूमध्ये घेतली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असते, सरकारी रुग्णालयांत कातडीत दिली जाते तेव्हा ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. शून्य म्हणजे पहिल्या इंजेक्शनचा दिवस. शेवटची मात्रा दोन्ही पद्धतींत अठ्ठाविसाव्या दिवशीच येते, आणि चुकते ती बहुधा हीच. जखम भरलेली असते, कामे असतात. भाद्रपदी पोळ्याच्या दिवशी पहिले इंजेक्शन घेतलेल्या माणसाचा अठ्ठाविसावा दिवस, अधिक महिना नसेल तर, धनत्रयोदशीच्या आसपास पडतो. रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग सुट्टीमुळे बंद असला तरी अपघात विभाग उघडा असतो. कार्ड बरोबर न्यावे.